चिपळूणचा खर्ज

हेमाताईंनी मला बोलावून घेतलं आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दस्तगीर, ह्याच्यात माझं सगळं गाणं आहे. ते ऐकायला कुठला प्लेअर घ्यायचा, ते तू ठरव."

"मी? ताई, मी तंबोरे करणारा माणूस. हे काम आमच्या निलोफरचं."

"निलोफरला यंत्र कळतं. कान तुझा आहे. दुकानदार म्हणतो हा घ्या, भाचा म्हणतो तो घ्या, आणि दोघांनाही पंचम कुठला नि षड्ज कुठला हे माहीत नाही. तू ठरव."

मिरजेत हेमलता सावर्डेकरांना नाही म्हणणारे फार नव्हते, आणि मी तर त्यातला नव्हेच. एकोणिसाव्या वर्षापासून मी त्यांचे तंबोरे लावत आलो. त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. आता एक्क्याऐंशीच्या. दम्यानं आवाज गेला, गाणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. वसंतराव, त्यांचे यजमान, रेल्वेत सिग्नल खात्यात होते. बाई जिथं गातील तिथं ते रजा टाकून जायचे आणि स्टेजच्या कडेला मायक्रोफोन लावून कॅसेट भरायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या. आवाज दाबून लहान केला नाही, फाईल कितीही मोठी झाली तरी. दोनशे बारा मैफली, गावांच्या नावानं लावलेल्या. हे काम संपलं आणि दोन महिन्यांनी ते गेले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझी अक्षरओळख हेमाताईंनी करून दिली, माझ्या पन्नासाव्या वर्षी. मी त्यांच्या ओसरीवर जवारी काढत बसायचो. जवारी म्हणजे, तार ज्या हाडाच्या घोडीवर टेकते ती घोडी कानशीनं अशी घासायची की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून वरचे सूर फुलत जातात. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून नेमकी जागा पकडायची. ह्या कामाला दोन तास लागतात. "तेवढ्यात बाराखडीची एक ओळ होते," असं म्हणून त्या पाटी घेऊन समोर बसल्या. तंबोरा झाला तेव्हा मला माझं नाव लिहिता येत होतं. तेव्हा त्यांनी 'ठरव' म्हटल्यावर मी ठरवायला बसलो.

निलोफर माझी नात. एका कंपनीसाठी घरी बसून आवाजाचे प्रोग्रॅम तपासते. ती हेडफोन, वायरी आणि काड्यापेटीएवढा एक डबा घेऊन आली.

"दादा, आधी ऐका. कॉम्प्युटरमध्ये आवाज नसतो, आकडे असतात. वसंत आजोबांनी प्रत्येक सेकंदाचा आवाज शहाण्णव हजार वेळा मोजून ठेवलाय. प्लेअरचं काम काय? ते आकडे उचलायचे आणि ह्या डब्यात नेऊन द्यायचे. डबा त्यांचा परत आवाज करतो."

"म्हणजे पोस्टमन."

"हां, पोस्टमन. आता कॉम्प्युटरची खोड अशी, की तो वाटेत पाकीट उघडतो. त्यात दुसऱ्या प्रोग्रॅमची टिंगटाँग मिसळतो, आकडे आपल्या सोयीनं पुन्हा मोजतो. तर मी तीन प्लेअर आणलेत. पहिला पाकीट न उघडता पोचवतो. जसं आहे तसं."

"आणि दुसरा?"

"दुसरा पत्र उघडून डाग पुसतो. खरखर, घरघर सगळं काढून टाकतो."

"तिसरा?"

निलोफर हसली. "तिसरा लई हुशार. त्याला कळतं की पत्र वाचणाऱ्याला कमी दिसतंय. तो मोठ्या अक्षरात लिहून देतो. आणि शाई उडालेली असेल तिथं अंदाजानं शब्द भरतो."

ह्या तिसऱ्याचं नाव 'सुकर्ण'. शहरात तोवर घरोघर तोच झाला होता. त्याची युक्ती अशी. आपला कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही बारीक आवाज काढतो. आतल्या शंखात केसासारख्या पेशी असतात. कानात दोन सूर सोडले की त्या थरथरतात आणि तिसराच एक सूर बाहेर पाठवतात, इतका हळू की यंत्रालाच कळावा. जिथल्या पेशी मेल्यात तिथून उत्तर येत नाही. हेडफोन हे उत्तर ऐकतो आणि कुणाच्या कानात कुठं भोक पडलंय त्याचा नकाशा काढतो. मग त्या कानापुरतं गाणं वाढवून, वळवून देतो. शिवाय सुकर्णाला लाखो तासांचं गाणं शिकवलेलं होतं. टेप जुनी असेल, काही पुसलं असेल, तर तिथं काय असायला हवं होतं हे तो ओळखायचा आणि भरायचा.

"म्हणजे मी आणि ताई शेजारी बसलो तर?" मी विचारलं.

"दोघांना दोन वेगळी गाणी ऐकू येतील. ज्याला त्याला आपापल्या कानाचं."

ऐकताना कुठला प्लेअर चालू आहे हे मला कळू नये म्हणून निलोफरनं नावं झाकली आणि एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या ठेवल्या. साताऱ्याची एक मैफल तिन्हींवर ऐकवली. दोन नंबर मी लगेच बाजूला सारला. त्यानं जवारीलाच घरघर समजून पुसलं होतं. तंबोरा ताणलेल्या सुतळीसारखा वाजत होता. मागच्या वर्षी पुण्याची एक विद्यार्थिनी नवा तंबोरा परत घेऊन आली होती, "काका, ह्यात काहीतरी गुणगुणतंय, दुरुस्त करा" म्हणून. ती कुठल्या प्लेअरवर वाढली होती ते आत्ता कळलं.

एक नंबर खरा वाटला, पण गोधडीतून ऐकल्यासारखा. टेपची सळसळ होती, आणि माझेही कान शहात्तर वर्षांचे.

तीन नंबर लावला आणि मी डोळे मिटले. मी तिशीत असताना काढलेली जवारी मला ऐकू आली. प्रत्येक तारेतून सूर उमलत होते. ताईंची वरची तान आली आणि अंगावर काटा आला.

"हाच," मी म्हणालो. निलोफरनं झाकलेलं नाव दाखवलं, सुकर्ण.

हेमाताईंनी हेडफोन लावला. एक तान त्यांनी दोनदा ऐकली. मग म्हणाल्या, "अगं बाई, मी बरी गात होते की!"

गिऱ्हाईकांना मी जन्मभर सांगत आलो, पहिल्यांदा गोड लागेल तो तंबोरा घेऊ नका, तासभर त्याच्यासमोर बसा. मी स्वतः मात्र दहा मिनिटांत उठलो.

पुढचा दीड महिना ताईंचा फोन रोज सकाळी यायचा. "दस्तगीर, आज धारवाड ऐकलं. तिसऱ्या आवर्तनाला तबलजी चुकलाय, मेला." "आज बार्शी ऐकलं. वसंतरावांचा खोकलासुद्धा आहे रे त्यात!" त्यांच्या बोलण्यात पुन्हा जोर आला होता. मीठही आलं होतं. मला बरं वाटत होतं, आणि थोडी शेखीही चढली होती.

एका मंगळवारी फोन आला. आवाज वेगळा होता. "येऊन जा. चिपळूण ऐकलं मी."

चिपळूणचं नाव मी टाळत आलो होतो. का, ते मी आजवर घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चिपळूणला एका शाळेच्या पटांगणात ताईंचं गाणं होतं. एकच तंबोरा नेला होता, आणि तो सांभाळायला मी. दुपारी जवारी बसवायला घेतली तर सुताचं रीळ मिरजेत राहिलेलं. बाजारात कुठं हिंडणार? ईदला शिवलेला टेरिकॉटचा नवा शर्ट अंगात होता, त्याच्या शिवणीतला दोरा उसवला आणि खर्जाच्या तारेखाली घातला. खर्ज म्हणजे शेवटची, सगळ्यात खालच्या षड्जाची जाड तार. गाणं त्याच्यावर उभं राहतं. आमच्याकडं काम शिकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं की दोरा सुताचाच हवा. सूत दमट हवेत फुगून तारेला धरतं. टेरिकॉट धरत नाही, सरकतं. मिरजेच्या कोरड्या हवेत ते कदाचित निभलंही असतं. चिपळूणला खाडीची हवा.

त्यात गाण्याआधी संयोजकांनी मला स्टेजवर बोलावलं, शाल-नारळ दिला आणि म्हणाले, "तंबोऱ्यामागच्या हाताचाही मान व्हावा." असा मान मला आधी कधी मिळाला नव्हता. मी खाली येऊन शेवटच्या रांगेत बसलो. बडा ख्याल सुरू झाला, आणि दहाव्या मिनिटाला दोरा सरकून पुढं आला. खर्ज बसला. झंकार नाही, सूर नाही, नुसतं ठप्. तीन तारा वाजायच्या आणि मग ठप्. तंबोऱ्यावर बसलेली मुलगी घाबरून तशीच छेडत राहिली. मी मांडीवर नारळ घेऊन घामानं भिजलो.

ताईंनी त्या दिवशी एक वेगळंच केलं. समेवर येऊन त्या खाली उतरायच्या आणि खालचा षड्ज स्वतःच धरायच्या, लांब, स्थिर, श्वास पुरेल तेवढा. मग वर जायच्या आणि पुन्हा येऊन खाली टेकायच्या. सगळं गाणं तसं. लोक वेडे झाले. पुढं सगळीकडून तीच फर्माईश यायला लागली, आणि ताईंचं नाव झालं ते त्या खर्जाच्या गाण्यानं. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं की सुचलं म्हणून गायल्या, हे सत्तेचाळीस वर्षं मला ठाऊक नव्हतं.

मी पोचलो तेव्हा ताईंच्या पुढ्यात त्यांची वही होती. आठवणी लिहीत होत्या, छापायला द्यायच्या होत्या.

"हे पान वाच," त्या म्हणाल्या.

मी बोट ठेवत वाचलं. ताईंनीच शिकवलेली अक्षरं, त्यांच्याच हातची. 'चिपळूणला खर्जाची तार बसली. का बसली ते मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. तार बसली म्हणून खर्ज मी धरला, आणि माझा आवाज मला त्या दिवशी सापडला.'

सगळ्या पानावर लाल रेघ मारली होती.

"ताई, हे खोडलंत?"

"खोटं होतं म्हणून. आज टेप ऐकली. तुझा खर्ज सुरू आहे रे, अगदी शेवटपर्यंत. काय सुरेख वाजतोय! आणि मी खाली कुठं उतरलेच नाहीये. माझ्याच मनानं रचलेलं सगळं." त्यांनी माझा हात धरला. "इतकी वर्षं मी मनात तुझ्यावर ठपका ठेवला. मला माफ कर. आणि आवाज सापडला म्हणे! म्हातारीनं स्वतःलाच मोठं केलं."

तिथंच सांगायला हवं होतं. 'असू दे ताई' म्हणालो आणि चप्पल घालून निघालो.

घरी येऊन निलोफरला पहिल्यांदाच सगळं सांगितलं आणि म्हणालो, "चिपळूण एक नंबरवर लाव."

वसंतरावांची फाईल तिच्याकडं होतीच. तिनं लावली. सळसळ आली, कुणाचं तरी मूल रडलं, आणि दहाव्या मिनिटाला तीन तारांनंतर ठप्. पुन्हा ठप्. आणि त्याच्याखाली ताईंचा आवाज, जमिनीसारखा.

निलोफर कपाळाला हात लावून बसली. "कळलं मला काय झालं ते. सुकर्ण आधी गाणं सुटं करतो. गळा वेगळा, तबला वेगळा, तंबोरा वेगळा. खालचा षड्ज, तोही एकसारखा, न हलता. त्याच्या हिशेबानं तो तंबोऱ्याचाच असणार. बाईमाणूस इतक्या खाली इतका वेळ धरेल हे त्याला कुणी शिकवलंच नाही. त्यानं आजींचा आवाज तंबोऱ्याच्या खात्यात टाकला, आणि मग तंबोरा चांगला करताना तो काढला आणि तिथं आपला शिकलेला खर्ज भरला."

"म्हणजे ताईंनी माझी चूक झाकली, आणि ह्यानं त्यांनाच झाकलं."

"असंच." तिनं हेडफोनची वायर गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "दादा, एक बोलू? आजी खूश आहेत. तुमची चूकही फुकटात गेली, वर माफी त्यांनीच मागितली. एक नंबर लावला तर त्यांना वरचं निम्मं ऐकू येणार नाही. कशाला उकरायचं?"

"वही छापायला कधी जाणार आहे?"

"शुक्रवारी न्यायला येणारेत."

मी दोन दिवस दुकानात बसून काढले. कानशी हातात घ्यायचो आणि ठेवायचो. गप्प राहिलो तर माझं नाव स्वच्छ राहत होतं आणि ताईंचे सकाळचे फोन सुरू राहत होते. फक्त त्यांच्या गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या स्वतःच्या हातानं खोडून मोकळ्या होत होत्या, आणि ती खरी होती हे स्वतः पाहिलेला माणूस त्यांच्याजवळ मी एकटाच उरलो होतो.

शुक्रवारी सकाळी मी निलोफरला घेऊन गेलो. ताईंचा जुना तंबोरा खोळीतून काढला आणि पुढ्यात घेऊन बसलो.

"हे काय आज?" ताई म्हणाल्या. "फोटो काढायला बसल्यासारखा बसलायस."

"ताई, हेडफोन काढा. आज स्पीकरवर ऐकायचं. आपण तिघं, एकच गाणं."

"मला नाही ऐकू येत त्यावर. गोधडी घातल्यासारखं वाटतं."

"वरचं नाही येणार. म्हाताऱ्या कानातून वरचंच आधी जातं. खालचं शाबूत असतं. तुम्ही खालचं ऐका."

निलोफरनं एक नंबर सुरू केला आणि दहावं मिनिट गाठलं. मी तंबोऱ्याच्या खर्जाखालचा दोरा पुढं सरकवून तार दाबली आणि टेपच्या बरोबर छेडायला लागलो. स्पीकरमध्ये ठप्. माझ्या हातात ठप्.

ताईंनी मान वर केली.

"चिपळूण आहे हे," मी म्हणालो. "न पुसलेलं. तार बसली होती, ताई. माझ्या हातानं. सूत विसरलो होतो, शर्टाचा दोरा घातला होता. सत्तेचाळीस वर्षं तोंड उघडलं नाही. परवाही उघडलं नाही."

खाली तो षड्ज आला. ताईंनी डोळे मिटले. त्यांचा हात आपोआप मांडीवर सम मोजायला लागला. आवर्तन संपलं.

"निळा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोरा. निळा होता. गाणं झाल्यावर तंबोऱ्याला नमस्कार करायला वाकले तेव्हा घोडीवर दिसला. तुझ्या नव्या शर्टाची शिवण उसवलेली तर आख्ख्या चिपळूणला दिसत होती. टेरिकॉट! गाढवा, टेरिकॉट घालतात का जवारीला?" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता धाप लागली. निलोफरनं पाणी दिलं. "परवा मला वाटलं, तो दोरासुद्धा मी मनानंच रचला. मी घाबरले होते रे. म्हटलं, आता डोकंही गेलं."

"तेव्हा थांबून नीट का नाही केलात? दोन मिनिटांचं काम होतं."

"दोन मिनिटांचं? शाल अजून तुझ्या खांद्यावर होती. भर सभेत मी घोडीला हात लावला असता, तर त्या नारळाचं काय झालं असतं?"



ताईंनी वही ओढली. लाल रेघ मारलेल्या पानाच्या समासात लिहिलं, 'हे पान राहू द्यावे.' मग निलोफरकडं वळल्या. "तो गोडबोल्या काढून टाक गं. हाच राहू दे."

"आजी, वरच्या ताना ऐकू येणार नाहीत ह्याच्यावर. मी दोन्ही ठेवते, पाहिजे तो लावा."

"नको. दोन्ही ठेवलेस तर मी गोडच लावीन, मला माझी खोड ठाऊक आहे. वरचं मला पाठ आहे."

स्पीकरमध्ये गाणं पुढं चाललं होतं. ठप् येत होतं, आणि पहिल्यांदाच ते ऐकताना माझी मान खाली जात नव्हती. तरी हाताला सवय जुनी. तंबोऱ्याचा दोरा जागेवर घ्यावा, खर्ज बोलता करावा म्हणून मी घोडीकडं बोट नेलं.

ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," त्या स्पीकरकडं बघत म्हणाल्या. "ती धरतेय ना."